गाळ्याविषयी थोडे सविस्तर

मुंबई

ती. बाबांस आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी नाटकाच्या नादाने पैसे घालवले, असे दादाने तुम्हाला फोनवर सांगितल्याचे कळले. पैसे घातले हे खरे आहे. त्याला नाद म्हणायचे की नाही, ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा. चिंचपोकळीला एका जुन्या छापखान्याचा साडेपाचशे चौरस फुटांचा गाळा मी आणि माझ्या चार मैत्रिणींनी अकरा महिन्यांच्या करारावर घेतला आहे. अनामत रकमेतला माझा वाटा गाडीसाठी साठवलेल्या पैशांतून दिला. नोकरी सोडलेली नाही. फरशीवरची शाई तीनदा घासूनही गेली नाही, आणि एका कोपऱ्यात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतला गणपती उलटा उमटला आहे. तो आम्ही तसाच राहू दिला.

बाबा, लालबागच्या गावकीच्या खोलीविषयी, गावच्या माणसांनी मिळून ठेवलेल्या त्या खोलीविषयी, तुम्हीच आम्हाला सांगत आलात. भिंतीला लावलेल्या ट्रंका, रात्रपाळीचे लोक आत झोपलेले असताना गॅलरीत उरकलेली जेवणे, आणि गणपती जवळ आले की त्याच खोलीत चालणारी शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबी गाण्यांची तालीम. दोन पक्षांच्या सामन्याची बारी परळच्या दामोदर हॉलला रंगायची, पण ती बसायची त्या खोलीत. 1922 साली उभे राहिलेले दामोदर नाट्यगृह 2023 मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले तेव्हा सारे परळ हळहळले, आणि ते रास्तच होते. मात्र तालमीच्या खोल्या त्याच्या कितीतरी आधी, 1982 च्या गिरणी संपानंतर एकेका ट्रंकेबरोबर रिकाम्या होत गेल्या, त्यांच्यासाठी फारसे कुणी हळहळले नाही. आज प्रयोगाला जागा महाग मिळते, पण मिळते. तालमीला मिळत नाही. आमच्या भागातली नमन हे कोकणी लोकनाट्य करणारी मुले एका टॉवरच्या पार्किंगमध्ये ढोलकी घेऊन बसत होती, तिथून त्यांना दोनदा उठवले. म्हणून हा गाळा आधी तालमीसाठी आहे. ज्याला जमेल त्याने तासाला शंभर रुपये द्यावेत, ज्याला जमणार नाही त्याने झाडून घ्यावे, असा साधा हिशेब ठेवला आहे. भाडे त्यातून अजून सुटत नाही, हेही लपवत नाही.

एवढ्याशा जागेत काय होणार, असे दादा म्हणतो. दादरच्या छबिलदास शाळेत 1974 पासून प्रायोगिक नाटके होत होती, तेही नाट्यगृह नव्हते, शाळेचे सभागृहच होते.

आई, तुझी काळजी परवानग्यांची आहे. जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, हे मला ठाऊक आहे; ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद. पहाटेपर्यंत चालणाऱ्या बाऱ्यांची सवय असलेल्या बाबांना हे पटणार नाही, पण आमची बारी संध्याकाळी पाचला उभी राहील. शेजारच्या गाळ्यात लेथ मशीन चालते. तिथला कारागीर ढोलकीची तक्रार घेऊन येईल असे वाटले होते. तो आला, आणि झांज चुकते आहे असे सांगून गेला.

आता दोन मागण्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जाड कापड हवे आहे, तेव्हा माळ्यावरच्या जुन्या गोधड्या येणाऱ्या गाडीने पाठवाव्यात; चांगल्या पाठवू नकोस, आई, त्यांना खिळे ठोकायचे आहेत. आणि बाबा, तुमचे पायात बांधायचे घुंगरांचे चाळ ट्रंकेत तळाशी आहेत. ते मात्र गाडीने पाठवू नका, स्वतः घेऊन या.

तुमची,
ताई