करडईवरच्या त्या अळीबद्दल

परभणी,
मार्गशीर्ष

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोटो मोठा करकरून पाहिला. बांधाकडच्या तासातल्या करडईचं पान दुमडलेलं, त्यावर रेशमासारखं जाळं, आत काळपट अळी, अंगभर फांद्या फुटल्यासारखे काटे आणि कडेनं पिवळी रेघ. "काय मारू?" असं विचारलंस. माझं ऐकशील तर काहीच मारू नकोस. मावा पडला असता तर मीच घाई केली असती, करडईला तो बुडवतो. ही चार पानं खाईल आणि कोशात जाईल. ही पेंटेड लेडी फुलपाखराची अळी आहे, आणि ती तुझ्या औशाच्या रानात आहे हे कळल्यापासून माझं कशात लक्ष नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

ते फुलपाखरू तू पाहिलेलं आहेस. नारिंगी पंख, टोकाला काळ्यावर पांढरे ठिपके, एकदांडीच्या फुलावर बसतं. अंटार्क्टिका आणि बहुतेक दक्षिण अमेरिका सोडली तर जगात सगळीकडे ते आढळतं. इतकं पसरायचं कारण मला फार विलक्षण वाटतं. दुसरी कितीतरी फुलपाखरं वाईट दिवस अंड्यात नाहीतर कोशात निजून काढतात. याला कुठल्याच अवस्थेत तशी लांब झोप घेता येत नाही. थंडी पडो की रान वाळो, जिथं हिरवं असेल तिथं जायचं, नाहीतर मरायचं. शिवाय एका जागी राहिलं तर अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या वाढत जातात. पुढं सरकलं की त्या मागं पडतात.

अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण महिना-सव्वा महिना, आणि पंख फुटल्यावर दोन-चार आठवडे. एवढ्या आयुष्यात उन्हाच्या रोखानं दिशा धरून ती निघतात. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला जन्मलेली वाळवंट ओलांडून भूमध्य समुद्राकडे येतात, त्यांची पिल्लं युरोपात वर सरकतात, आणि शरद ऋतूत पुढच्या पिढ्या माघारी फिरतात. असा सगळा फेरा जवळजवळ १५,००० किलोमीटरचा. आपल्याकडची बिऱ्हाडं दसरा झाला की ऊसतोडीला निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की तीच माणसं घरी येतात. इथं मात्र निघणारा एक आणि पोचणारा त्याचा पणतू-खापरपणतू, ज्याला वाट दाखवणारं कुणी भेटलेलंच नसतं!

ती माघारी जातात हे कितीतरी वर्षं दिसतच नव्हतं. ब्रिटनमध्ये वाटायचं, थंडीत सगळी मरत असणार. २००९ साली तिथं मोठी लाट आली, तेव्हा रडार लावून पाहिलं. वसंतात १ कोटी १० लाख आली आणि शरदात २ कोटी ६० लाख परत गेली, सरासरी ५०० मीटर उंचीवरून. एवढ्या उंचीवर आपली नजर पोचत नाही.

आणि हे तर तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये जेरार्ड तालावेरा या संशोधकाला दक्षिण अमेरिकेत, फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर, ही फुलपाखरं बसलेली दिसली. पंख फाटलेले, वाळूत टेकलेली. त्यांच्या अंगावरचे परागकण तपासले तर ते आफ्रिकेतल्या झुडपांचे निघाले. त्यातलं एक चक्क बोरीच्या जातीचं! म्हणजे वाऱ्याच्या साथीनं अटलांटिक महासागर ओलांडलेला, किमान ४,२०० किलोमीटर, पाच ते आठ दिवसांत. हा अभ्यास २०२४ मध्ये छापून आला. वजन ग्रॅमभरसुद्धा नाही रे त्याचं.

आता तुझ्या करडईकडे येतो. या अळीला काटेरी कुळातली झाडं प्रिय, आणि करडई त्याच कुळातली. आपले म्हातारे शाळूच्या कडेनं करडईचे तास टाकायचे ते जनावरं आत शिरू नयेत म्हणून. सोयाबीन-हरभऱ्याच्या नादात करडई रानातून चालली आहे, तुझ्यासारखे थोडेच उरलेत. म्हणून म्हणतो, निदान कडेचे दोन-तीन तास फवारणीतून सोड. बोंडं धरायला अजून अवकाश आहे, उताऱ्यात फरक पडायचा नाही.

रोज सकाळी एक फोटो काढून पाठव. कोश उलटा टांगलेला दिसेल, राखाडी-तपकिरी, वर सोनेरी ठिपके. तो दिसला की आठ-दहा दिवसांत फुलपाखरू निघतं. येळवसेला, या मार्गशीर्ष अमावस्येला, मी पोरांना घेऊन येतोच आहे. वहिनींना म्हणावं, आंबील जास्त करा.

आईंना नमस्कार.

तुझा,
विलास