ॲबरडीनहून आई-बाबांना

ॲबरडीन, स्कॉटलंड
फेब्रुवारीतला रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. हे आधी वाचा, मग बाकीचं. कॉलवर आईचे डोळे भरतात आणि माझं बोलायचं राहून जातं, म्हणून लिहितेय.

आई, परवा तू म्हणालीस, "चेहरा तर टवटवीत दिसतोय, मग दमतेस कशानं?" अगं, एमएसमधलं, म्हणजे माझ्या या मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या नसांच्या आजारातलं, बरंचसं दिसतच नाही. तळपायाला मुंग्या, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं, मान खाली घातली की पाठीतून करंट. आणि थकवा. तो झोपेनं जात नाही, म्हणून "जरा पडून राहा" हा तुझा उपाय लागू पडत नाही. बाबा, तुम्ही उभा जन्म वायरमनकी केलीत, तुम्हाला लगेच कळेल. वायरीवरचं प्लास्टिक जागोजागी सोलवटलंय, एवढंच. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवर तसंच मायलिनचं आवरण असतं, ते आपलीच प्रतिकारशक्ती कुरतडते.

मावशी म्हणते, तिकडे गेली म्हणून झालं. स्कॉटलंडमध्ये एमएसचं प्रमाण जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांपैकी आहे, हे खरं. पण हा आजार नागपूर-पुण्यातही होतो. तो कुणाला लागत नाही, चिनू माझ्या ताटात खुशाल जेवू दे. आणि आई, माझ्या वेळी तू ग्रहण पाहिलंस म्हणून तर मुळीच झालेला नाही. तो विषय आता सोड.

इथली एक गंमत सांगते. अपंगांच्या संडासांना इथे कुलूप असतं आणि देशभर हजारो कुलपांना एकच किल्ली चालते! १९८१ पासूनची सोय आहे, रडार की म्हणतात. स्टेशन असो, बाग असो की बाजार, स्वतःची किल्ली काढायची आणि आत जायचं. गैरवापर होऊ नये म्हणून कुलूप, अडू नये म्हणून किल्ली. थोड्या पौंडांत मिळते, चांगली जाडजूड असते. मला लघवीची घाई एकदम होते, दोन मिनिटंही दम निघत नाही, म्हणून ती पर्समध्ये असतेच. धडधाकट बाई तिथून बाहेर आलेली पाहून कुणी रोखून बघतं. पण आता बऱ्याच दारांवर पाटी असते, प्रत्येक अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही अशी. ती पाटी दिसली की मला फार बरं वाटतं. आपल्या अकोल्याच्या स्टँडवर अशी सोय कधी होईल?

औषधाची काळजी नको. दर सहा महिन्यांनी सलाइनमधून देतात, सरकारी खर्चानं. गोळ्यांनाही पैसे पडत नाहीत, स्कॉटलंडमध्ये २०११ पासून चिठ्ठीवरची औषधं फुकट आहेत. तेव्हा "पैसे पाठवू का" हे बाबांनी पुन्हा विचारू नये.

आता दादाच्या लग्नाचं. मे महिन्यात मला येता येणार नाही. अंग थोडं जरी तापलं तरी सोलवटलेल्या नसांतून निरोप नीट जात नाही, नजर धूसर होते, पाय जड होतात. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्यानं १८९० मध्येच हे लिहून ठेवलंय. गारव्यात आलं की उतरतं, कायमचं नुकसान होत नाही. पण ४४ अंशांत, मांडवात, करवली म्हणून मिरवायचं कसं? मुहूर्त माझ्यासाठी हलवू नका, वहिनीच्या माहेरचं सगळं ठरलंय. डिसेंबरात येते, तेव्हा दोघांना मेजवानी माझ्याकडून. दादा बोलला नाही, पण त्याला लागलंय, मला कळतं. आई, त्याची समजूत काढ.

घराच्या हप्त्याबरोबर मांडवासाठी जास्तीचे पैसे टाकलेत. बाबा, ते मोडायचे, माझ्या नावानं एफडी करायची नाही.

वाशिमच्या स्थळाचं ऐकलं. "लग्नानंतर सांगू" असं मामा म्हणत असतील तर माझा साफ नकार समजा. आधी सांगा, आजाराचं नाव घेऊन सांगा. मूल होण्याला यामुळे अडचण नसते, गरोदरपणात आजार बहुधा शांतच राहतो, नंतरचे तीन महिने जपावं लागतं. हेही सांगा. त्यांचं जे उत्तर येईल ते मला जसंच्या तसं कळवा, गोड करून नको.

आजीला नमस्कार, चिनूला पापा.

तुमची,
वैशू