रात्रपाळीतल्या अनामिकांचे आभार

जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत कणांच्या टकरी टिपणारं सीएमएस नावाचं अवाढव्य उपकरण आहे; त्याच्या नियंत्रण कक्षात माझी पाळी रात्री अकरा ते सकाळी सात. बीम, म्हणजे कणांचा झोत, स्थिर असला की आलेखांवर नजर ठेवायची, एवढंच. खरी धावपळ बीम गेल्यावर, आणि तीही आमची नव्हे.

म्हणून हे आभार. सर्वांत आधी क्रायोजेनिक्सवाल्यांचे, म्हणजे अतिशीतनाची यंत्रणा सांभाळणाऱ्यांचे. हा झोत फिरवणाऱ्या त्वरकाच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळातले मुख्य चुंबक उणे २७१.३ अंशांवर ठेवायचे, त्यासाठी टनावारी हेलियम सांभाळायचं, बिघाड झाला की अपरात्री उठून यायचं; आणि शोधनिबंधात नाव नाही! (आमच्या निबंधांना लेखक हजारोंनी असतात, तरीही.)

मग प्रेव्हेसाँच्या केंद्रातला, जिथून त्वरक चालवतात तिथला, तो फोनवरचा आवाज. बीम परत कधी येणार, असं मी कितीदाही विचारलं तरी न वैतागता, "अजून दोन तास." तेवढ्यात कॉफी व्हायची, पुण्याला फोनही, तिकडे सकाळच्या चहाची वेळ झालेली असायची.

लॉगबुकात "हा अलार्म असाच वाजतो, घाबरू नका" असं लिहून ठेवणारे, तुम्ही कोण आहात ठाऊक नाही. त्या एका ओळीने नवख्या माणसाची झोप नाही, पण अब्रू वाचवली. पहाटे कचऱ्याचे डबे रिकामे करताना "बों कुराज" (फ्रेंचमध्ये "हिंमत ठेवा") म्हणणाऱ्या ताई, मेर्सी! कॉफीचे डाग तुम्हीच पुसलेत, हे आम्हाला माहीत आहे.