नियम फक्त मुलांनाच?

मुलीच्या शाळेने इंटरनेट वापराची नियमावली सहीसाठी पाठवली. १७ नियम, सगळे ‘करू नये’ छापाचे आणि सगळे मुलांसाठी. ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती आली, तिथेच आदल्या रात्री पावणेदहाला ‘उद्या प्रकल्प आणा’ असा निरोप होता. स्नेहसंमेलनाचे फोटोही कुणाला न विचारता टाकलेले. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायला सांगतो. नियमावलीत त्याचा उल्लेख नाही. ऑनलाइन कुणी त्रास दिला तर कोणत्या बाईंकडे जायचे, हेही नाही. मसुदा करताना आठवीतली चार मुले सोबत बसवा. पळवाटा त्यांनाच (आमच्यापेक्षा केव्हाही जास्त) ठाऊक असतात. मी अजून सही केलेली नाही.

– एक पालक, सातारा