आप्पा, इथल्या चांदीवर करणाऱ्याचा ठसा असतो

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलं होतंत, "तिकडं चांदी कोण घालतं का गं?" मी हसून विषय बदलला. परवा शनिवारी इथं अमेरिकेत, आमच्याच न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फेला जाऊन आले, आता नीट उत्तर देते. आमच्या अल्बुकर्कीहून गाडीनं तासाभराचा रस्ता. गाव महाबळेश्वरपेक्षाही उंचावर, सात हजार फुटांवर. जिना चढला की धाप लागते.

सगळं गाव मातीच्या रंगाचं. आपल्याकडची धाब्याची घरं असतात ना, तशी सपाट माथ्याची घरं, भिंतीतून बाहेर आलेली लाकडी तुळयांची टोकं. जुनी घरं खरोखरच माती आणि पेंढ्याच्या कच्च्या विटांची. नव्यांत पुष्कळ ठिकाणी आत सिमेंट आणि वरून मातकट गिलावा, कारण जुन्या भागात घर याच घाटाचं हवं, असा नगरपालिकेचा १९५७ सालापासूनचा नियम आहे.

मधोमध चौक, त्याला प्लाझा म्हणतात. त्याच्या एका अंगाला स्पॅनिश गव्हर्नरांचा वाडा, १६१० च्या सुमाराचा. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी वीस वर्षं! त्या वाड्याच्या लांबलचक ओसरीत इथले मूळ रहिवासी भिंतीला टेकून ओळीनं बसतात. पुढ्यात चादर, चादरीवर दागिने, मडकी. जागा कमी आणि माणसं जास्त, म्हणून सकाळी चिठ्ठ्या काढतात. तिथं विकायचं ते स्वतः किंवा घरच्यांनी केलेलं हवं, आणि चांदीवर करणाऱ्याचा ठसा हवाच.

मी नवाहो जमातीच्या एका बाईंपुढं उकिडवी बसले. पिरोजाचा खडा बसवलेली अंगठी उचलली आणि सवयीनं आधी आतून बघितली. जोडाला डाक कुठं दिला ते शोधत होते. सापडेना! बाई हसल्या, म्हणाल्या, "ओतीव आहे." तिकडं एक मऊ दगड मिळतो, ज्वालामुखीच्या राखेचा. त्यात नक्षी कोरायची, दगडाच्या दोन फळ्या एकमेकींवर घट्ट बांधायच्या आणि वरून वितळलेली चांदी सोडायची. दगडाचा खरखरीतपणा चांदीवर जसाच्या तसा उमटतो, तो काही जण मुद्दाम पॉलिश न करता ठेवतात. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काम अर्धं सोडलंय."

मग मी घोटाळा केला. किंमत ऐकली आणि तोंडातून निघून गेलं, "थोडं कमी करा की." बाई रागावल्या नाहीत. अंगठी फिरवून आतला ठसा दाखवला, "हे माझं नाव. दगड मी कोरला, चांदी मी ओतली." एवढंच. आप्पा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेठनं मजुरीत ग्रॅममागं पैसे कापले की तुम्ही जेवायचं टाकून ओसरीवर येरझाऱ्या घालायचात, ते मी लहानपणापासून बघितलंय. आणि तुम्ही हुपरीत घडवलेलं पैंजण मुंबईच्या दुकानात दुकानदाराच्या नावानं विकलं जातं. तुमचं नाव कुठं असतं? अंगठी सांगितल्या किमतीला घेतली.

नंतर कॅन्यन रोडला गेले. जुन्या घरांमधून ओळीनं चित्रांच्या गॅलऱ्या, अंगणात पितळी घोडे आणि लोखंडी पक्षी. किमती वाचल्या आणि हात पाठीमागं बांधून फिरले. दोन तासांत पाय दुखायला लागले, खरं सांगायचं तर कंटाळाही आला.

आईला मात्र रेलयार्ड आवडलं असतं. जुन्या रेल्वे स्टेशनाजवळ शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. सध्या हिरव्या मिरचीचे दिवस. जाळीच्या पिंपात मिरच्या घालायच्या, खालून गॅसचा जाळ, आणि पिंप गरागरा फिरवायचं. साल करपल्याचा वास सगळ्या बाजारात. हॉटेलात विचारतात, "लाल की हिरवी?" दोन्ही पाहिजे असतील तर म्हणायचं "ख्रिसमस". मी तेच म्हटलं. आपल्या तांबड्या-पांढऱ्याची आठवण आली, पण ती चव नाही. आईला सांगा, पाच किलो भाजून आणल्यात, ठेचा करते.

डिसेंबरात येताना अंगठी आणते. टंच काढून चांदीचा कस बघायचा असेल तर खुशाल बघा, पण कानस ठसा सोडून दुसरीकडं लावा.

तुमची,
ताई