नाव न सांगितलेल्या मास्तरांना

आमचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आले, म्हणजे आजच्या गांधीनगरला. त्याआधी तिथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहून गेले होते. पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन आजोबा रेल्वेने मिरजेला उतरत आणि सांगलीत दारोदार फिरत.

अडचण हिशेबाची नव्हती, अक्षरांची होती. त्यांची सिंधी उजवीकडून डावीकडे लिहायची, 52 अक्षरांची. इथल्या पाट्या म्हणजे त्यांना नुसती नक्षी. गणपती पेठेतल्या एका मास्तरांनी त्यांना सोप्यात बसवून, स्वतःच्या मुलाच्या फुटक्या पाटीवर बाराखडी गिरवून घेतली. फी विचारली तर म्हणाले, "आधी 'ळ' नीट म्हणा." (तो शेवटपर्यंत जमला नाही. आजोबा मरेपर्यंत 'वलिवडे'च म्हणाले.) मास्तरीणबाई निघताना भाकरी बांधून देत. एका कापडवाल्याने ओळखपाळख नसताना उधारीवर माल दिला.

यांतल्या कुणाचंच नाव आजोबांनी सांगितलं नाही, नुसतं 'मास्तर' म्हणायचे. कुणाच्या घरात ही आठवण ऐकली असेल, तर आमचे आभार तिथवर पोचवा. नातीच्या लेकीला दहावीत मराठीला 91 मिळालेत. पेढे आणलेत, द्यायचे कुणाला?