शनिवारचा सराव : स्पर्धेनंतरची कामं

मंडळी, शनिवार-रविवारच्या अल्टिमेट फ्रिस्बीच्या स्पर्धेत सगळे जीव तोडून खेळलात! येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला नेहमीच्या मैदानावर सराव आहे. सगळ्यांनी यायचंच.

– रविवारी दुपारी वारा सुटला आणि उंच फेकलेली प्रत्येक डिस्क भरकटली. जेमतेम १७५ ग्रॅमची तबकडी ती. वाऱ्याविरुद्ध खालून, सपाट आणि जास्त फिरकी देऊनच फेकायला हवी. शनिवारी पहिला अर्धा तास फक्त हेच, फोरहँडसकट.
– स्टॉलची मोजणी (डिस्क हातात असलेल्यासमोर बचाव करणारा दहापर्यंत मोजतो ती; त्याआत डिस्क फेकायची असते) सहावर गेली की मागे पासला कुणीतरी मोकळं हवंच. दहाची वाट पाहू नका.
– अल्टिमेटमध्ये पंच नसतो. फाउल पुकारला की त्या दोघांनी शांतपणे बोलायचं, बाहेरून कुणी ओरडायचं नाही. नियम वाचून या.
– पाणी, टोपी, स्टड्स. एक पांढरा, एक गडद टी-शर्ट.

जमणार नसेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत कॅप्टनला कळवा.